तळ्याकाठची एकटी शहाणी

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साबिनाबाईंनी शहरातलं घर लेकीच्या हवाली केलं आणि दोन पेट्या आणि एक शिवणयंत्र घेऊन त्या कायमच्या तळ्याकाठी राहायला आल्या. राहायला म्हणजे कॅम्परमध्ये, चाकांवरच्या घरात. त्यांच्या नवऱ्याने, बेनेदिक्तने, एकोणीस वर्षांपूर्वी तो गाडीला जोडून इथवर ओढत आणला होता. त्यानंतर तो तसूभर हलला नव्हता. खाली विटा लावलेल्या, पुढे बेनेदिक्तने स्वतः ठोकलेली लाकडी पडवी, मागे पाइनची झाडं. इतकी वर्षं ती दोघं फक्त उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी यायची. तीन वर्षांपूर्वी बेनेदिक्त गेला, आणि या वर्षी साबिनाबाई निवृत्त झाल्या. जिल्ह्याच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांनी छत्तीस वर्षं काढली होती. विहिरीचं, नळाचं, तळ्याचं, कुठलंही पाणी बाटलीत धरून उजेडाकडे केलं की त्यांच्या कपाळावर आठी यायची, आणि ती आठी सहसा खरी ठरायची.

माणसांकडे बघतानाही त्यांच्या कपाळावर तीच आठी असे.

तळ्याकाठी असे बावीस कॅम्पर होते आणि सगळे असेच रुतून बसलेले. साबिनाबाईंना एकेकाची गंमत वाटे. जन्म चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत काढला, तर इथे येऊन हात-हातभर जमिनीला गुडघाभर कुंपणं! त्या कुंपणांना फाटकं, फाटकांना कुलपं! पाय उचलला की पलीकडे, तरी कुलूप. आत प्लास्टरचे रंगवलेले, परीकथेतले दाढीवाले बुटके, टायर कापून केलेले राजहंस, आणि दारावर 'आमचा महाल' अशी पाटी.

"महाल!" साबिनाबाई फोनवर लेकीला म्हणायच्या. "अगं, आत सरळ उभं राहिलं तर डोकं आपटतं, आणि म्हणे महाल!"

"आई, तूही त्यातल्याच एकात राहतेस ना?"

"मी राहते. मिरवत नाही."

वसाहतीला एक अध्यक्षही होता. रोमुआल्द नावाचा, सैन्याच्या कोठारातून निवृत्त झालेला, मिशाळ माणूस. त्याने पायवाटेच्या तोंडाशी फळा लावून त्यावर सत्तावीस नियम लिहिले होते. दुपारी दोन ते चार मोठ्याने बोलू नये. कुत्र्याने भुंकू नये. अकराव्या नियमात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. साबिनाबाईंनी पहिल्याच दिवशी खिशातलं पेन काढून त्या दुरुस्त केल्या. फळ्याशेजारी रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला होता. बैठक असली की रोमुआल्द तो हातोडीने वाजवायचा.

"काय अध्यक्षसाहेब, आज कोणावर स्वारी?" साबिनाबाई जाता-येता विचारायच्या. तो कसनुसं हसून टोपीला हात लावायचा.

आणि शेजारच्या कॅम्परमध्ये इरमिनाबाई. पूर्वी बेकरीत होत्या, अंगाने तशाच भरलेल्या. बुटके सर्वांत जास्त त्यांचे, चौदा. त्यांनी पडवीत कपडे धुण्याचं यंत्रही बसवलं होतं, आणि रोज सकाळी त्या तळ्याच्या लाकडी धक्क्यावर उभ्या राहून हंसांना पाव टाकायच्या.

"पावाने हंस आजारी पडतात," साबिनाबाईंनी कुंपणावरून सांगितलं.

"वीस वर्षं टाकतेय. मेला नाही एकही."

"तुमच्यासमोर मरत नसतील. लाज असते त्यांना."

इरमिनाबाईंनी खसखशीचा केक पाठवला तेव्हा साबिनाबाईंनी रिकामी ताटली परत करताना साखर जास्त झाल्याचं कळवलं. केक मात्र सगळा खाल्ला होता.

वसाहतीत सांडपाण्याची व्यवस्था अशी की प्रत्येक कॅम्परलगत जमिनीत एक बंद टाकी असायची. ती भरली की गावातून उपसायची गाडी यायची. इतरांकडे ती महिन्या-दोन महिन्यांनी यायची. साबिनाबाईंच्या दारात जूनपर्यंत एकदाही आली नाही.

"पाणी कसं वापरायचं ते कळावं लागतं," त्या इरमिनाबाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. "आणि टाकी बांधणारा माणूस लागतो. बेनेदिक्तच्या कामात खोट नसायची."

खरं तर सगळ्या जगात बेनेदिक्त हा एकच माणूस होता ज्याच्याकडे बघून साबिनाबाईंच्या कपाळावर आठी आली नव्हती. तो पुलांच्या कामावर मुकादम होता. कमी बोलायचा, नीट मोजायचा.

जूनच्या मध्याला तळ्याच्या पायऱ्यांपाशी पाणी बिघडलं. वर हिरवट साय धरली, वेतासारखी उंच गवतं होती तिथे कुबट वास येऊ लागला. रोमुआल्दने बैठक बोलावली आणि समोरच्या काठावरच्या शेतकऱ्याच्या गायींवर ठपका ठेवला.

"गायी?" साबिनाबाई मागच्या बाकावरून म्हणाल्या. "दीड किलोमीटरवरून? नेम धरून?"

लोक हसले. रोमुआल्द लाल झाला. "मग बदकं असतील," तो म्हणाला.

साबिनाबाई दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने शहरात गेल्या, सोबत पाण्याच्या चार बाटल्या. जुन्या प्रयोगशाळेतल्या मुलींनी तपासून कागद हातात दिला. परत आल्यावर त्यांनी स्वतःच रूळ बडवला आणि सगळे जमल्यावर कागद वर धरला.

"गाय नाही, बदक नाही. ही माणसाची घाण आहे. तुमच्यापैकी कोणाची तरी. बुटके रंगवता, कुंपणाला कुलूप घालता, आणि ज्या पाण्यात नातवंडं डुंबवता त्यातच मोरी सोडता! 'आमचा महाल'! महालातल्या माणसाला आपली टाकी फुटलीय की नाही एवढंही कळू नये?" त्या बोलता बोलता इरमिनाबाईंकडे वळल्या. "आणि जिथे रोज दोन-दोन घाणे कपडे धुतले जातात तिथून सुरुवात करायला माझी हरकत नाही."

इरमिनाबाईंनी मान फिरवली.  रोमुआल्द आपल्या बुटांकडे बघत होता.

साबिनाबाईंनी उपाय आणलाच होता. गळती शोधायला प्रयोगशाळेत एक पूड वापरतात. चिमूटभर पाण्यात टाकली की पाणी झगझगीत हिरवं होतं. रोज तीन कॅम्पर घ्यायचे, ती पूड संडासात टाकून दोन बादल्या पाणी ओतायचं, आणि संध्याकाळपर्यंत काठावर नजर ठेवायची. टाकी धड असेल तर काही दिसणार नाही. फुटकी असेल तर तळ्यात हिरवं उतरेल.

पहिल्याच दिवशी इरमिनाबाईंचा नंबर लावला. साबिनाबाई स्टूल टाकून सूर्य मावळेपर्यंत काठावर बसल्या. काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. लोक आधी घाबरले, मग कंटाळले, मग स्टुलावर बसलेल्या बाईंना बघून आपसांत कोपरं मारू लागले. सात दिवसांत एकवीस कॅम्पर झाले आणि एकवीसही कोरडे निघाले.

"कोणीतरी लबाडी केलीय," साबिनाबाई म्हणाल्या. "पूड दुसरीकडे ओतलीय."

"प्रत्येकाची तुम्हीच तर स्वतःच्या हाताने टाकलीत," इरमिनाबाई म्हणाल्या. "तुमचा राहिलाय की."

"माझी टाकी बेनेदिक्तने बांधलीय."

"मग? देव होते का ते?"

रोमुआल्द घाईघाईने मध्ये पडला. "राहू द्या हो, इरमिनाबाई. साबिनाबाई, तुम्हीही सोडा आता. पाऊस पडेल, पाणी हलेल, आपोआप साफ होईल."

"आपोआप!" साबिनाबाई कडाडल्या. "तुमच्या कोठारात उंदीरही आपोआपच जात असतील. उद्या सकाळी माझी तपासणी. नियम म्हणजे नियम, फळ्यावर लिहिलेला नसला तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांनी पूड टाकली, दोन बादल्या ओतल्या आणि हात पुसत काठावर आल्या. इतर कोणी फिरकलंही नाही. फक्त इरमिनाबाई धक्क्यावर पाव टाकत उभ्या होत्या. साबिनाबाईंनी स्टूल मांडलं, चष्मा पुसला. अर्धा तास गेला असेल. इरमिनाबाईंचा हात पावासकट हवेतच थांबला.

गवताच्या मुळांतून एक हिरवी रेघ बाहेर येत होती. आधी दोऱ्याएवढी, मग बोटाएवढी. मग ती पसरली आणि हंसांच्या पोटाखालचं सगळं पाणी झगझगीत हिरवं झालं.



"साबिनाबाई," इरमिनाबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं. "इथे दुसरं कोणी नाहीये. मी काही बघितलं नाही. दुपारपर्यंत वाहून जाईल. तुम्ही गुपचूप दुरुस्त करून घ्या."

साबिनाबाई उठल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज तसाच धारदार होता. "माझ्यावर उपकार करता? चौदा बुटके पाळणारी बाई माझ्यावर उपकार करणार?"

त्या तरातरा फळ्यापाशी गेल्या आणि रूळ असा बडवला की माणसं अर्धवट दाढी करून धावत आली.

"या, बघा," साबिनाबाई म्हणाल्या. "नीट बघा. ही माझी घाण आहे. सात दिवस मी तुमच्या अब्रूचे धिंडवडे काढले. आता हसा."

एक-दोघे हसलेही. बाकीच्यांना कुठे बघावं ते कळेना. रोमुआल्दने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि फावडं आणायला गेला.

दोघांनी मिळून कॅम्परच्या मागे खणलं. साबिनाबाई कोणाचं ऐकेनात, स्वतः कुदळ मारत होत्या. दोन हात खाली एक भला मोठा धोंडा लागला, आणि धोंड्याच्या अलीकडे टाकी. टाकी कसली, कोबी आंबवायला घेतात तसलं एक पिंप. त्याच्या वरच्या काठाला भोक, भोकात राखाडी नळी, आणि ती नळी मोजून उतार देऊन, प्रत्येक सांध्याला दुहेरी पट्टी गुंडाळून, सरळ गवताकडे नेलेली. सांधे बघितल्याबरोबर साबिनाबाईंनी कुदळ खाली टाकली. तशी पट्टी गुंडाळणारा एकच माणूस त्यांना ठाऊक होता.

"तुम्हाला माहीत होतं," त्या रोमुआल्दकडे न बघता म्हणाल्या.

"नळी धरायला मीच होतो," रोमुआल्द म्हणाला. "खाली धोंडा लागला, मोठी टाकी बसेना. तो म्हणाला, दोन दिवसांचं तर राहणं, थेंबभर पाणी जाईल, कोणाला कळतंय. आणि म्हणाला, साबिनाला सांगू नकोस. ती मला तळ्यात ढकलेल."

"ढकललंच असतं."

"म्हणून तर नाही सांगितलं."

"आणि तुम्ही गायी उभ्या केल्यात. बदकं उभी केलीत. सगळ्यांसमोर माझ्या शिव्या खाल्ल्यात."

"मेलेल्या माणसाला शब्द दिलेला," रोमुआल्द पुटपुटला.

"शब्द!" साबिनाबाई मातीच्या ढिगाऱ्यावर बसल्या. "पोरं आजारी पडली असती तर तुमचा शब्द उकळून पाजला असता का त्यांना? एक मूर्ख खड्डा खणतो, दुसरा मूर्ख त्यावर पाय देऊन उभा राहतो." मग त्या थांबल्या. "आणि तिसरी त्याच खड्ड्यावर झोपून जगाचं पाणी तपासते. छत्तीस वर्षं! स्वतःची टाकी भरत का नाही, एवढा प्रश्न पडला नाही मला. वाटलं, मी काटकसरी."

शनिवार-रविवारपुरती पिंपाची लबाडी खपून गेली होती. साबिनाबाई रोज राहू लागल्या, रोज आंघोळ, रोज धुणं, आणि दोन महिन्यांत तळं सडलं. हे त्यांनी तिथेच बसल्या बसल्या मनात मांडून पाहिलं, आणि त्यांना रडू कोसळलं. रोमुआल्द पाठ फिरवून उगाच माती सारखी करत राहिला. त्या रडल्या त्या तळ्यासाठी की बेनेदिक्तसाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ज्या एका माणसाला त्यांनी पूर्ण गुण दिले होते, तो सोळा वर्षं, मरेपर्यंत, त्यांच्याशेजारी झोपून त्यांना फसवत होता, आणि भीतीपोटी. बायकोच्या भीतीपोटी! हे त्यांना सर्वांत लागलं.

त्याच दुपारी नळीच्या तोंडात सिमेंट भरलं. आठवड्याभरात धोंड्यापासून दूर नवी, बंद टाकी बसली. पायऱ्यांपाशी साबिनाबाईंनी स्वतःच्या हाताने पाटी लावली: 'पोहू नये. पाणी बावीस नंबरच्या कॅम्परने घाण केले आहे.' रोमुआल्द म्हणाला, नंबर कशाला, नुसतं पोहू नये लिहा. साबिनाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने खिळे धरून उभा राहिला.

दर सोमवारी त्या बाटल्या घेऊन शहरात जात. वसाहतीतली माणसं आता त्यांना बघून तोंडावर हसत, आणि त्यांना ते चालत होतं. निदान हसायला काही कारण होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला कागद स्वच्छ आला. एका कागदावर विश्वास ठेवणं त्यांना जमेना, म्हणून आणखी एक आठवडा थांबायला लावलं. मग इरमिनाबाई फुलाफुलांची टोपी घालून सर्वांआधी पाण्यात उतरल्या, आणि साबिनाबाईंनी धक्क्यावरून, त्यांच्या वजनाने तळ्याची पातळी वाढल्याचं जाहीर केलं.

"तुम्ही या ना," इरमिनाबाई पाण्यातून ओरडल्या. "की हंसांपुढे लाज वाटते?"

साबिनाबाई गेल्या नाहीत, पण चपला काढून पाय बुडवून बसल्या.

हिवाळ्यासाठी बहुतेक लोक शहरात परतले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेला, मृतांच्या दिवशी, साबिनाबाई कबरीवर जायला निघाल्या तर इरमिनाबाई न विचारता बसमध्ये शेजारी येऊन बसल्या, मांडीवर शेवंतीची कुंडी. दफनभूमीच्या फाटकापाशी त्या थांबल्या. "जा तुम्ही. तुम्हाला बोलायचं असेल."

साबिनाबाईंनी दगड घासला, पानं वेचली, दिवा लावला. अर्ध्या तासाने त्या परत आल्या तेव्हा त्यांचं नाक लाल झालं होतं.

"काय बोललात?"

"शिव्या दिल्या."

"अर्धा तास?"

"एकोणीस वर्षांच्या होत्या. संपल्या नाहीत." साबिनाबाईंनी रुमाल खिशात कोंबला आणि कुंडीकडे पाहिलं. "हे घेऊन उभ्या काय राहिलात? ठेवून या तिथे. आणि सरळ ठेवा, तुमच्या बुटक्यांसारखी वाकडी नको."