रुंद पातेल्यातली मोजकाठी

मित्रांनो, मी एक जुनी मोजकाठी आहे. मॅपलच्या लाकडाची, हातभर लांब, अंगावर आठ खाचा. स्वस्थ राहणे मला जमत नाही. खुंटीवर टांगली तरी जरा वारा आला की मी भिंतीवर टकटक करत बसते.

अमेरिकेतल्या व्हर्माँटच्या टेकडीवर ऑल्डन थिबो मॅपलच्या झाडाचा गोड रस आटवून पाक करत. त्यांच्या उंच, अरुंद पातेल्यात त्यांनी मला उभे केले, एकेक गॅलन पाणी ओतले आणि दर गॅलनला चाकूने खाच पाडली. वीस हंगाम मी रस मोजला. "माझी काठी खोटं बोलत नाही," असे ते शेजाऱ्यांना सांगत, आणि मी हरखून जाई. पुढे पातेले गळू लागले, भंगारात गेले. मी अकरा वर्षे खुंटीवर धूळ खात राहिले.

गेल्या हिवाळ्यात त्यांची मुलगी कोरीन बीअर करायला निघाली. आजवर ती त्यासाठी जवाचा डब्यातला तयार पाक वापरी. अख्ख्या धान्याची ही पहिलीच वेळ. धान्य म्हणजे ऑल्डननी परसात पिकवून, मोड आणून वाळवलेले दहा पौंड जव. तेवढेच होते. ते बिघडले तर पुढच्या वर्षी तिथे बटाटे लावीन, असे त्यांनी बजावले होते.

कोरीनने कागदावर हिशेब मांडला. बीअर हवी पाच गॅलन. सव्वा गॅलन पाणी दाणे पिणार, एक वाफेत जाणार, पाव तळाच्या गाळात. म्हणजे सुरुवातीला साडेसात.

"कागद शेगडीत घाल," ऑल्डन म्हणाले. "ही काठी घे."

तिने मला पातेल्यात उभे केले आणि माझा जीव कासावीस झाला. पातेले नवे होते, चांगले रुंद! पाणी माझ्या पाचव्या खाचेशी आले, म्हणजे या रुंदीत पाचाहून कितीतरी जास्त, आणि मला ओरडावेसे वाटले. पण काठीला तोंड कुठले?

"पाचच झालं. ओत अजून," ऑल्डन म्हणाले.

कोरीन थबकली. दाराशी बर्फात रिकामे डबे पडले होते, गॅलनाचा एकेक. "पापा, नऊ डबे ओतलेत मी."

"काठी खोटं बोलत नाही."

"मग काय मी वारा ओतला?"

ऑल्डननी डबे मोजले. पातेल्याच्या काठावरून हात फिरवला. कान लाल झाले त्यांचे. मग खिशातून चाकू काढून त्यांनी मला उलटे केले. "सगळं उपस. एकेक डबा परत ओत."

माझ्या कोऱ्या पाठीवर नव्या खाचा पडल्या. दुखले, पण सुटल्यासारखे वाटले. साडेसातची खाच पाडायला त्यांनी चाकू कोरीनच्या हाती दिला.

पाणी तापले. पिशवीत बांधलेले जव तासभर भिजले. पिशवी निथळून काढल्यावर ऑल्डननी मला बुडवले आणि ते दचकले. "सव्वासहा? पाणी गेलं कुठं?"

"दाण्यांनी प्यायलं. तुमच्यावर गेलेत."

ते खो खो हसले. मग त्यांनी कागद पाहिला. त्यावरही साडेसातातून सव्वा वजा जाता सव्वासहाच होते. तो शेगडीत न टाकता त्यांनी माझ्याच खुंटीला अडकवला.

मित्रांनो, माझी निगा राखा, धूळ पुसा. पण माझ्यावर विश्वास टाकण्याआधी एकदा भांडे बघा. मी खोटी नव्हते. मी दुसऱ्या पातेल्याची होते. यंदाही परसात जवच पेरले आहेत.