मुखत्याराने दिलेला नकार

आक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा वकीलबाईंनी सुचवलं, "धाकट्या भावाच्या नावाने मुखत्यारपत्र करा. महिनाभर तुमच्या वतीने सह्या करील." आक्कांचं पडदे शिवायचं दुकान होतं. भाऊ पाणीखात्यातून नुकताच निवृत्त होऊन घरी बायकोचं डोकं खात होता. सगळ्यांचीच सोय झाली.

भाऊने तो कागद चार वेळा वाचला आणि 'मुखत्यार' असा रबरी शिक्का करून घेतला. पहिल्या आठवड्यात त्याने दुकानाचा भाडेकरार वाढवून घेतला, अगदी चोख. दुसऱ्या आठवड्यात आक्कांच्या मैत्रिणींना दवाखान्यात भेटायच्या वेळा ठरवून दिल्या. तिसऱ्या आठवड्यात त्याने काय केलं, ते आक्कांच्या कानावर आलंच नाही.

काठी टेकत आक्का दुकानात परतल्या, तर शेजारचे घड्याळजी मान वर करेनात. बायको गेल्यापासून हा माणूस बोलला तर आक्कांशीच बोलायचा.

"काय बिनसलंय?" आक्कांनी त्यांच्या टेबलाशी जाऊन विचारलं.

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि खणातून एक कागद पुढे केला. "उत्तर मिळालं. माझी काही तक्रार नाही."

'आपल्या लग्नाच्या प्रस्तावाचा सांगोपांग विचार करून तो नामंजूर करण्यात येत आहे.' खाली भाऊची सही. सहीवर शिक्का.

आपल्याला मागणी आली होती, हे आक्कांना नकार वाचून कळलं.

"मला का नाही विचारलंत?"

"दवाखान्यात आलो होतो. भाऊ दारात होते. म्हणाले, काय असेल ते लेखी द्या. दिलं."

संध्याकाळी आक्का भाऊला वकीलबाईंकडे घेऊन गेल्या. भाऊ ठाम होता. "'सर्व बाबतीत' असं स्वच्छ लिहिलंय."

"त्याच्या आधीचा शब्द वाचा. 'दुकानाच्या'," वकीलबाई म्हणाल्या. "लग्न ज्याचं त्यानेच करायचं असतं आणि नकारही ज्याचा त्यानेच द्यायचा असतो. शिवाय तुम्हाला अधिकार दिला म्हणून यांचा संपला, असं होत नाही."

भाऊ आक्कांकडे वळला. "तू लग्न करून दुकान बंद केलंस, तर मी परत घरात बसू?"

आक्कांचा राग निम्मा तिथेच उतरला. "दुकान कोण बंद करतंय? उद्या दहाला ये. मापं घ्यायला जायचंय."

दुसऱ्या दिवशी त्या घड्याळजींसमोर उभ्या राहिल्या. "तो नकार अधिकाराबाहेरचा होता. वकील म्हणतात, तो दिलाच गेलेला नाही."

"म्हणजे होकार?"

"म्हणजे उत्तर यायचंय. पण मला अजून कोणी विचारलेलंच नाही."

घड्याळजींनी स्टूल पुसून त्यांना बसायला दिलं आणि विचारलं. आक्का हो म्हणाल्या. जरा मोठ्यानेच म्हणाल्या, कारण पलीकडे मापाची टेप हातात धरून भाऊ कान देऊन उभा होता.