अकरा ते एक, आजोबा कामात

नववीत गेल्यावर स्पृहाला कंठ फुटला, असं तिच्या आईचं म्हणणं. आठवीपर्यंत ही मुलगी हजेरीला ‘उपस्थित’ इतकं हळू म्हणायची की बाईंनी तिची दोनदा गैरहजेरी लावली होती. मग जूनमध्ये परिपाठाचं सूत्रसंचालन करणारी मुलगी तापाने पडली, बाईंनी समोर दिसली म्हणून स्पृहाच्या हातात माइक कोंबला, आणि तेव्हापासून तिने तो जणू परत केलाच नव्हता. घरात, जिन्यात, रिक्षात, जिथे जागा मिळेल तिथे ती बोलत सुटायची.

तिचं सगळं ऐकून घेणारा माणूस घरात एकच, दिगंबर आजोबा. तेही अकरा ते एक सोडून. कारण अकरा ते एक आजोबा कामात असायचे.

आता हे काम काय, तर ऑनलाइन सर्वेक्षणं भरायची. कुठला साबण वापरता, कुठल्या बिस्किटाची जाहिरात आवडली, एक ते दहात किती गुण द्याल, असले प्रश्न. भरून झालं की पाच-दहा रुपये जमा. मागच्या वर्षी स्पृहानेच त्यांना फोनवर नाव नोंदवून दिलं होतं. तिला वाटलं, आजोबांचा वेळ जाईल. पण आजोबा म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. छत्तीस वर्षं शनिवार पेठेपासून बुधवार पेठेपर्यंत दुकानादुकानांत जाऊन त्यांनी तराजू तपासले होते. स्वतः वजन करून पाहिल्याशिवाय एका ठोकळ्यावर कधी शिक्का मारला नाही. हा माणूस वेळ घालवायला म्हणून काही करणार होता होय!

पहिलंच सर्वेक्षण बिस्किटांचं आलं. आजोबांनी ते बिस्कीट खाल्लं नव्हतं. झालं, चप्पल घालून खाली गेले, पुडा आणला, एक कोरडं खाल्लं, एक चहात बुडवून खाल्लं, आणि मग दहापैकी साडेपाच म्हणून ठरवलं. अर्धा गुण देता येत नाही म्हणून दहा मिनिटं चिडचिड करून शेवटी पाच दिले.

“बाबा, पुडा तीस रुपयांचा आणि तुम्हाला मिळाले आठ,” स्पृहाचे बाबा म्हणाले.

“मग? न खाता मत देऊ?”

“सगळे तेच करतात हो!”

“सगळ्यांनी माझ्याकडून तराजू तपासून घेतले असते तर असे बिघडले नसते,” आजोबा म्हणाले आणि उरलेला पुडा स्पृहाकडे सरकवला.

एकदा तर ते स्वयंपाकघरात अक्षरशः धावत आले. “स्पृहा, हे बघ! यांनी यादीत एक खोटं नाव घातलंय. अशा नावाचं तेल जगात नाही! जो न वाचता खुणा करत जातो, तो बरोब्बर पकडला जातो. मी पकडलो गेलो नाही!” त्यांचा चेहरा असा फुलला होता की स्पृहाला वाटलं, यांना बक्षीसच लागलं. “म्हणजे तिकडेही कुणीतरी निरीक्षक बसलाय,” ते समाधानाने म्हणाले.

सगळं छान चाललं होतं. फक्त ती बेल तेवढी नको होती.

कर्वेनगरातली त्यांची सोसायटी चार मजली, आणि निम्म्या घरांत दोघंही कामावर जाणारे. वॉचमनने पार्सलं घेणं बंद केल्यापासून सगळी पार्सलं आजोबांकडे. “काका घरीच असतात,” हे वाक्य अख्ख्या बिल्डिंगला पाठ. शनिवारी सुट्टीच्या दिवशी स्पृहाने मोजलं, अकरा ते एकमध्ये नऊ वेळा बेल वाजली. नवव्या वेळी आजोबा कुणाचीतरी चादर घेऊन परत आले तोवर सर्वेक्षणाची मुदत संपली होती. अठरापैकी सोळा प्रश्न झाले होते.

“पाण्याच्या फिल्टरचं होतं,” ते एवढंच म्हणाले. सकाळपासून तीन घरचं पाणी पिऊन आले होते बिचारे!

म्हणूनच सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्सलांचा विषय निघाला तेव्हा स्पृहा आजोबांच्या शेजारच्या खुर्चीवर सरसावून बसली. सभा पार्किंगमध्ये. अध्यक्ष तळमजल्यावरचे आप्पासाहेब. बँकेतून निवृत्त झालेले आणि जिभेला धार असलेले. आजोबांना भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, “काय दिगंबरराव, आज किती मतं विकलीत?”

“पार्सलांचं असं आहे,” आप्पासाहेब म्हणाले, “दिगंबरराव घेतातच आहेत. ते आता ठरावात लिहून टाकू. रिकामा माणूस सोसायटीला मिळतो कुठे!”

आजोबा उठले. हातात घडी केलेला कागद होता. काल रात्री जेवण झाल्यावर त्यांनी दोन वेळा लिहून काढला होता. “अकरा ते एक मला जमणार नाही. त्या वेळात मी कामावर असतो. इतर वेळी आनंदाने घेईन.”

पार्किंगभर हसू पसरलं. वाईट नव्हतं ते हसू, पण होतं सगळ्यांचं.

“कामावर? कुठल्या ऑफिसात?” आप्पासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “अहो, बोटाने टिचक्या मारायच्या, त्याला काम म्हणायचं? आमचा नातू दिवसभर मारतो, त्याला पेन्शन द्या मग!”

आजोबांनी कागदाची घडी परत घातली, आणखी एक घडी घातली, आणि बसले. बाबा खाली बघत होते. आजोबांचे ते दोन तास आता जाणार, कायमचे, तेही ठराव करून, हे स्पृहाला लख्ख दिसलं. आठवीतली स्पृहा असती तर घरी जाऊन रडली असती.

नववीतली स्पृहा खुर्चीवरून उठली. “आप्पासाहेब आजोबा, चहा यायला अजून दहा मिनिटं आहेत ना?”

“आहेत. का गं?”

“मग सगळ्यांनी एक सर्वेक्षण भरा. आपल्याच सोसायटीचं. नुसत्या टिचक्या तर मारायच्यात!”

बोलता बोलता तिची बोटं फोनवर चालूच होती. शाळेत हे फॉर्म नुकतेच शिकवले होते. सोसायटीच्या ग्रुपवर लिंक पडली आणि तेवीस फोन टुणटुणले. सोसायटीतल्या सहा सोयींना दहापैकी गुण द्या, बस्स. आप्पासाहेबांनी “पोरखेळ” म्हणत म्हणत सगळ्यात आधी भरून टाकला. चाळीस सेकंदांत! पाचव्या मिनिटाला बावीस उत्तरं आली.

“एक राहिलंय,” स्पृहा म्हणाली. “आजोबा कुठे गेले?”

आजोबांची खुर्ची रिकामी होती. बाबांनी हळूच विचारलं, “रागावून वर गेले का गं?” स्पृहाने जिन्याकडे वळून पाहिलं. पण आता थांबून चालणार नव्हतं. चहा आला, वेफर्सच्या प्लेटी फिरल्या आणि तिने निकाल वाचायला सुरुवात केली. “लिफ्ट, सरासरी आठ. पाणी, सात. पार्किंग, सहा. बाग, आठ. जिन्यातले दिवे, सात. गच्चीच्या जिन्याखालची व्यायामशाळा, साडेसात. तिला सगळ्यात जास्त गुण आप्पासाहेब आजोबांनी दिलेत. नऊ!”

आप्पासाहेबांनी उदारपणे मान हलवली.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि आजोबा बाहेर आले. एका हातात मनगटावरून काढलेलं घड्याळ, दुसऱ्या हातात तोच कागद, पाठकोऱ्या बाजूवर बारीक अक्षरांत भरलेला. “माफ करा, उशीर झाला. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार चार सेकंद उशिरा उघडतं, तीनदा पाहिलं. पाच गुण. जिन्यातले दोन दिवे गेलेत, पाच. आणि स्पृहा,” त्यांनी घाम पुसला, “ती व्यायामशाळा काही मला सापडली नाही. गच्चीच्या जिन्याखाली बघितलं. तिथे पाण्याची मोटर आहे.”

पार्किंगमध्ये वेफर चावल्याचा आवाजसुद्धा येईना.

“कारण आपल्याकडे व्यायामशाळाच नाही!” स्पृहा इतक्या जोरात म्हणाली की वॉचमन फाटकाकडून धावत आला.

मग जो हशा उठला तो मघासारखा नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या सत्यशीलाबाई तर डोळे पुसत म्हणाल्या, “अगंबाई, मी आठ दिले! म्हटलं, आपण जात नाही, पण असेल चांगली!” बाबांनी सात दिले होते. ते कुणालाच सांगणार नव्हते, पण स्पृहाच्या फोनवर दिसत होतं.

आप्पासाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, घसा साफ केला. “लिहा. अकरा ते एक दिगंबरराव कामात. त्या वेळची पार्सलं...” त्यांनी आजूबाजूला पाहिलं. नऊ गुणांचा माणूस पळून तरी कुठे जाणार? “...माझ्याकडे द्या.”

जिना चढताना बाबा म्हणाले, “पण बाबा, नोकरी नाही हं ही. उगाच फॉर्मबिर्मवर लिहाल कुठे.”

“नोकरी कोण म्हणतंय? नोकरी मी छत्तीस वर्षं केली, झाली ती.” आजोबा एकेक पायरी चढत होते. “हे काम आहे.”

पुढच्या शनिवारी अकरा वाजता आजोबा टेबलाशी बसले, आणि एक वाजेपर्यंत बेल एकदाही वाजली नाही. स्पृहासुद्धा दोन तास गप्प बसली. विक्रमच म्हणायचा तो! एक वाजून पाच मिनिटांनी बेल वाजली. दारात आप्पासाहेब, काखेत खोका.

“दोन तास सांभाळलं. म्हटलं, एक वाजेपर्यंत वर जायचं नाही. आणि बघतो तर काय, तुमचंच निघालं!”

खोक्यात दोन पांढऱ्या पुड्या होत्या, नाव नाही, नुसतं ‘अ’ आणि ‘ब’. सोबत चिठ्ठी : आपली उत्तरं काळजीपूर्वक दिलेली आढळल्याने हा चहा घरी करून पाहण्यासाठी आपली निवड झाली आहे. आजोबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग ती सावकाश चष्म्याच्या घरात ठेवली.

“बसा आप्पासाहेब. स्पृहा, दोन पातेली ठेव. पाणी मापून हं, कपाने!”

दोन्ही चहा झाले. आप्पासाहेबांनी एक घोट घेतला. “बरा आहे.”

“बरा म्हणजे किती?” आजोबांनी पेन उघडलं.

“लिहा सात.”

“नक्की?”

आप्पासाहेबांनी कपात डोकावून पाहिलं. खिडकीतून बाहेर पाहिलं. परत एक घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडात धरून ठेवला. स्पृहाला काहीतरी बोलायचं होतं, अगदी जिभेवर आलं होतं, पण ती थांबली. माणूस कामात होता.

“साडेसहा,” आप्पासाहेब शेवटी म्हणाले. “पण थांबा, लिहू नका. तो ‘अ’ जरा परत द्या बघू.”