आमच्या नावाने विकलेले पाणी

मित्रांनो, माझे वय एकतीस वर्षे, आणि आम्हा पेशींच्या जातीत एवढे जगणे म्हणजे पार म्हातारपण. जुचितान गावच्या बाजारात तोतोपो, म्हणजे मक्याच्या कडक भाकऱ्या, विकणारी नेरेइदा आहे ना, तिच्या पोटात, जठराच्या मागे, स्वादुपिंड नावाचा लांबट अवयव आहे. तिथे माझे घर. इन्सुलिन तयार करणे हा माझा धंदा. आम्ही घोळक्याने राहतो आणि त्या घोळक्याला डॉक्टर लोक बेट म्हणतात. माझ्या बेटावर एके काळी हजारभर बहिणी होत्या. आज मी एकटी आहे. पण मी रडगाणे गायला बसलेली नाही. मला राग आला आहे, म्हणून बोलते.

आमचे काम सोपे नव्हते. नेरेइदा लहानपणी सकाळी मक्याची गोड पेज प्यायची, की रक्तात साखर चढायची. आम्ही ती ओळखून हवे तेवढेच इन्सुलिन सोडायचो. ते पोचल्याशिवाय शरीरातल्या पेशी साखरेला दारातही उभे करत नाहीत. हे आम्ही रात्रंदिवस केले, पण शाबासकी कधी मिळाली नाही. सगळी गाणी हृदयावर. स्वादुपिंडावर कुणी गाणे रचलेले मी तरी ऐकलेले नाही.

नेरेइदा नऊ वर्षांची असताना घात झाला. ज्या पांढऱ्या पेशींना शरीराने पहारेकरी म्हणून पोसले, त्यांनी आम्हालाच शत्रू ठरवले आणि बेटामागून बेट कापून काढले. का, ते मला आजही ठाऊक नाही. खरे सांगायचे तर मोठमोठ्या डॉक्टरांनाही पुरते ठाऊक नाही. मी कशी वाचले, तेही कळले नाही.

शेजारच्या तिबुर्सियाकाकूला मात्र सगळे ठाऊक होते.

"लाडाने गोड पाव चारलेस ना पोरीला? भोग आता!" ती नेरेइदाच्या आईला, ओब्दुलियाला म्हणाली.

"तू रोज चार पाव हाणतेस. तुला का नाही झाला मधुमेह?"

"मग दचकली असेल कशाला तरी. दचकल्याने साखर होतेच. आणि ऐक, ती सुई देऊ नकोस बाई. सुईने माणूस आंधळा होतो."

काय म्हणावे या अज्ञानाला? आजाराने डोळे जातात आणि दोष बिचाऱ्या इन्सुलिनच्या माथी! सुदैवाने ओब्दुलिया खमकी होती. तिने शेजारणीला दाराबाहेर काढले आणि लेकीला सुई टोचली. त्या सुईवर नेरेइदा वाढली. जमिनीत पुरलेल्या मातीच्या भट्टीत भोकाभोकांचे कुरकुरीत तोतोपो भाजायला शिकली आणि आईशेजारी बाजारात बसू लागली. एकवीस वर्षे तिने दिवसाला चार सुया घेतल्या.

मग गेल्या वर्षी पांढऱ्या कोटातला एक गोड बोलणारा गृहस्थ गावात आला. त्याचे नाव रेनान. त्याने एक सभागृह भाड्याने घेतले आणि लोकांना बोलावले.

"मूळ पेशी म्हणजे शरीराचं बियाणं," तो म्हणाला. "टोचलं, की नेमकं स्वादुपिंडात जाऊन रुजतं. तीन दिवसांनी इन्सुलिन बंद करायचं. चालू ठेवलंत तर नव्या पेशी आळशी होतील."

त्या संध्याकाळी नेरेइदा आईला म्हणाली, "आई, पोटावर टोचायला जागा उरली नाही गं. मला एकदा तरी साधं जगून बघायचंय."

ओब्दुलियाने रेनानचे पैसे भागवायला गळ्यातली सोन्याच्या नाण्यांची माळ काढून दिली. जुचितानची बाई ती माळ सहजासहजी काढत नाही.

मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवू? हुरळले मीही. मला वाटले, बहिणी येणार! बेट पुन्हा गजबजणार! रेनानने सुई टोचली आणि मी वाट पाहत राहिले. आले काय, तर खारे पाणी आणि त्यात कुठल्याशा जनावराच्या मेलेल्या पेशींचा गाळ. पहारेकऱ्यांनी तो काही तासांत फस्त केला. आमचे नाव घेऊन, आमच्या मेलेल्या बहिणींच्या जागेचा सौदा करून, त्या माणसाने पाणी विकले होते!

तिसऱ्या दिवशी नेरेइदाने इन्सुलिन बंद केले. एका दिवसात तिची तहान भागेनाशी झाली. मग उलट्या सुरू झाल्या. साखर दारोदार फिरत होती आणि आत कुणी घेत नव्हते. उपाशी शरीर चरबी जाळू लागले आणि रक्त आंबू लागले. मी जिवाच्या आकांताने इन्सुलिन सोडत होते, पण एका घागरीने वणवा विझतो का?

ओब्दुलियाने रेनानला फोन लावला.

"अहो, हे तर शुभलक्षण!" तो म्हणाला. "नव्या पेशी कामाला लागल्यात. पाणी द्या आणि विश्वास ठेवा."

ओब्दुलिया लेकीजवळ वाकली. लेकीच्या श्वासाला पिकून कुजलेल्या फळासारखा वास येत होता. "खड्ड्यात गेला तुझा विश्वास," असे म्हणून तिने फोन आपटला, लेकीला तीनचाकीत घातले आणि रुग्णालय गाठले.

दोन दिवस शिरेतून सलाईन आणि इन्सुलिन चालले. नेरेइदाने डोळे उघडले तेव्हा फिदेलिया नावाच्या डॉक्टरीणबाई उशाशी होत्या.

"अजून अर्धा दिवस उशीर झाला असता, तर आपण बोलत नसतो, पोरी."

नेरेइदाने विचारले, "मूळ पेशींचं सगळंच खोटं का हो?"

"नाही ना, म्हणून तर चीड येते. प्रयोगशाळेत मूळ पेशींपासून इन्सुलिन करणाऱ्या पेशी खरंच वाढवतात. थोड्या लोकांना दिल्यात, त्यातल्या काहींची सुई सुटलीसुद्धा. पण तुझे पहारेकरी त्यांनाही मारायला धावतात. त्यांना आवरणारी जड औषधं घ्यावी लागतात. काम चालू आहे. आपल्याकडे आलं, की मी स्वतः तुला निरोप धाडीन. आणि असल्या प्रयोगासाठी कुणी पैसे मागितले, तर ओळख, तो चोर."

त्या दिवशी प्रथमच कुणीतरी माझ्या जातीबद्दल खरे बोलले.

घरी आल्यावर नेरेइदाने तक्रार केली. कचेरीतल्या साहेबाने पावती मागितली. रेनानने पावती दिली होती कुठे? त्यातच कळले, की शेजारच्या तेहुआन्तेपेकात त्याची सभा आहे. नेरेइदा, ओब्दुलिया आणि बाजारातल्या पाच बायका भरजरी पोलकी घालून तिथे धडकल्या.

दाराशी उन्हात एक टोपली होती. आत शिरताना प्रत्येकाने आपली इन्सुलिनची बाटली तिच्यात टाकायची, म्हणजे विश्वास सिद्ध होतो, असे रेनानने सांगितले होते. टोपली निम्मी भरली होती.

नेरेइदा उभी राहिली. "मला ओळखलंस? तुझ्या सुईने मी मरायला टेकले होते."

"ताई, तुमचा विश्वास कमी पडला."

"विश्वास होता म्हणूनच मरत होते! बाटलीत काय भरतोस, ते लिहून दे."

"ते गुपित आहे."

"मिठाचं पाणी गुपित कधीपासून झालं रे?" ओब्दुलिया ओरडली, आणि पाचही बायका मोठ्याने हसल्या. त्या हसण्यात रेनानचा चेहरा उतरला. पुढे आरडाओरडा झाला आणि तो मागच्या दाराने निसटला. ऐकते, की आता कुठल्याशा दुसऱ्या गावात त्याने दुकान थाटले आहे. याचाच मला संताप येतो. मित्रांनो, आशा लावणे गुन्हा नाही. थकलेल्या माणसाच्या आशेवर दुकान मांडणे हा गुन्हा आहे. खरे औषध येईल तेव्हा येईल. तोवर हातात जे आहे ते जपा, आणि ते सोडायला सांगणाऱ्याला आधी जाब विचारा.

त्या सभागृहात सात वर्षांच्या मुलीला घेऊन एक कोळी आला होता. सगळे पांगल्यावर तो टोपलीपाशी गेला, खाली बसला आणि एकेक बाटली उलटसुलट करून आपली शोधू लागला. सापडली तशी त्याने ती छातीशी धरली.

नेरेइदाने हात पुढे केला. "बघू? तापलीये हो ही उन्हात. आता हिचा भरवसा नाही." तिने आपल्या पिशवीतली गार बाटली काढून त्याच्या हातात ठेवली. "पोरीला हे चालतं ना, आधी वाचून बघा."

कोळ्याने ओठ हलवत चिठ्ठीवरचे अक्षर न् अक्षर वाचले. मग होकारार्थी मान हलवली. नेरेइदा मुलीशेजारी बसली आणि म्हणाली, "जेवायच्या आधी किती घेतेस गं तू? सांग, आपण बरोबरच घेऊ."