आकड्यावरची गाडी

बद्रीनाथांच्या घरात पंधरा दिवस एकच वाद चालू होता. विजेची गाडी घ्यायची हे ठरलं होतं, रंगही ठरला होता. घोडं अडलं होतं बॅटरीवर. मोठी घ्यायची की लहान?

गाडी लागत होती लेकीला. प्रियदर्शनी जालन्याच्या कॉलेजात शिकवते. राजूरच्या पुढं, केदारखेड्याच्या रस्त्याला लागून त्यांची वस्ती. तिथून रोज एसटीची वाट पाहण्यात तिचा अर्धा जीव जायचा.

"मोठीच घेऊ," बद्रीनाथ म्हणाले. "एकदा भरली की थेट पुण्यात जाऊन थांबली पाहिजे. लहान घेतली तर शेजारचा कल्याण हसंल."

"पप्पा, मी रोज पुण्याला जाते का? जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर. लहान बॅटरीत दोन दिवस आरामात निघतात. मोठी घेतली तर आपल्या साध्या प्लगवर ती रात्रभरातसुद्धा भरायची न्हाई."

उषाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. हे आधी पाय लांब करून राह्यले, अंथरूण मागून बघतील."

"भरायची काळजी करू नका," बद्रीनाथ म्हणाले. "घरच्या मीटरवर कशाला लोड टाकायचा? घरामागून शेतीची लाइन गेली. आपला आकडा हाय ना!"

ज्यांना आकडा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तारेचं टोक हुकासारखं वाकवायचं, बांबूनं उचलून खांबावरच्या उघड्या तारेवर अडकवायचं आणि दुसरं टोक घरात आणायचं. मीटर फिरत नाही, बिल येत नाही. या वस्तीत तेवीस घरं आणि एकोणीस आकडे. त्याला चोरी कुणीच म्हणत नाही, सगळे 'सोय' म्हणतात. देवळाच्या वर्गणीत पुढं असणारी माणसं ही सोय करतात आणि रात्री शांत झोपतात.

एक माणूस मात्र झोपत नव्हता, आणि तो बद्रीनाथच होता.

त्यांची एक खोड घरात सगळ्यांना माहीत होती. 'बंद' हा शब्द ते तोंडातून काढत नसत. दुकान बंद असलं तर म्हणत, "उघडलं न्हाई अजून." दार बंद करायचं तर म्हणत, "लावून घे." घरासमोर विजेचा खांब होता, त्याखालून ते कधी जात नसत. बांधावरून लांबचा वळसा घेऊन घरात येत. लेक हसायची, "पप्पा, खांबावर भूत हाय का?" ते हसत नसत. लाइट गेली आणि पंख्याची घरघर थांबली, की त्या शांततेत वरून कुणीतरी विचारायचं, 'बद्रीभाऊ, लाइन बंद हाय ना?' बारा वर्षं तोच आवाज आणि तोच सवाल! मग लाइट यायची आणि सगळं पूर्वीसारखं व्हायचं.

शोरूममधले राधेश्याम जुन्या चालीचे व्यापारी. गाडीची किल्ली दाखवण्याआधीच त्यांनी विचारलं, "बद्रीनाथजी, बॅटरीचं नंतर बोलू. घरी अर्थिंग बराबर आहे का? मंजूर भार किती? वायर किती जाड आहे?"

"ते सगळं होईल हो. तुम्ही मोठ्या बॅटरीचं बोला."

"बिलकुल नाही. आधी घर बघायचं, मग चार्जर ठरवायचा, मग बॅटरी. उलटं केलं की माणूस फसतो. रोजचा फेरा साठ-सत्तरचा असेल तर लहान बॅटरी पुष्कळ झाली. लांब जायचं असलं तर वाटेत फास्ट चार्जर आहेत. पण घरची वीज धड नसेल तर दोन्ही बॅटऱ्या सारख्याच खराब होतील. उद्या आमची वायरमन येईल. तुमच्याकडचीच पोरगी आहे, आयेशा. इजहारची मुलगी."

बद्रीनाथ बॅटरीचा विषय तिथंच सोडून लेकीला घेऊन निघाले. परतीच्या वाटेवर राजूरचा गणपती आला तशी लेकीनं हात जोडले. बद्रीनाथांचे हात मांडीवरून उचललेच नाहीत.

इजहार हा झिरो वायरमन होता. म्हणजे ना नोकरी, ना पगार. खऱ्या लाइनमनकडं चाळीस गावं, म्हणून खांबावर चढायचा तो इजहार. बारा वर्षांपूर्वी वैशाखातल्या वावटळीत बद्रीनाथांच्या घरासमोरच्या खांबावरची तार तुटली. बद्रीनाथांनी स्वतः जाऊन डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीचा, खटका पाडला. दहा माणसं बघत होती. इजहार वर चढला आणि तारेला हात घालायच्या आधी त्यानं खाली वाकून विचारलं, "बद्रीभाऊ, लाइन बंद हाय ना?"

"बंद हाय. बिनधास्त जोड!"

दुसऱ्या मिनिटाला इजहार खाली पडला. पुन्हा उठला नाही.

डीपी खरोखर बंद होता. पण बद्रीनाथांच्या घरात आकडा चालू होता, वेगळ्या डीपीवरून येणाऱ्या शेतीच्या लाइनीवरचा. घरातला मेन स्विच खाली पाडायचं राहून गेलं होतं. आकड्याची वीज घरात आली आणि मीटरमधून उलटी बाहेर पडून थेट खांबावर गेली, इजहारच्या हातापर्यंत. कुणाला हे कळलं नाही. बद्रीनाथांना कळलं. लोक इजहारभोवती जमले असताना त्यांनी मागच्या दारानं जाऊन आकडा ओढून काढला होता. चौकशीत लिहिलं गेलं, 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू.' खाली पंच म्हणून बद्रीनाथांची सही होती.

त्या महिन्यात चौकशीच्या भीतीनं साऱ्या वस्तीनं आकडे काढले. पुढच्या महिन्यात एकेक करून सगळे परत लागले. बद्रीनाथांना तो पुन्हा हातात धरवेना. पण मनात आलं, एकट्या माझाच दिसला नाही तर लोक विचारतील, बद्रीनं का लावला नाही? म्हणून त्यांनीही लावला. पाप झाकायला माणूस तेच पाप पुन्हा करतो, याहून मोठी शिक्षा कोणती!

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आयेशा स्कूटीवरून आली. बावीस वर्षांची, पाठीला हत्यारांची पिशवी. बद्रीनाथ तेवढ्यात मोसंबीच्या बागेतून आले होते. पोरीचे डोळे थेट बापाचे होते. त्यांनी नजर जमिनीकडं वळवली.

"काका, अर्थिंग म्हणून ही जी सळई पुरलीय ना, तिचा काही उपयोग न्हाई. माती कोरडी ठाक पडली. ते नव्यानं करावं लागंल. आता बोर्ड बघते. मेन पाडा जरा."

बद्रीनाथांनी मेनचा दांडा खाली ओढला. आयेशानं बोर्डाचं झाकण काढलं आणि स्टुलावर चढून वर मान करून तारा बघू लागली. तिनं सहज विचारलं, "बंद हाय ना, काका?"

तोच सवाल, तसाच वरून आलेला! 'हाय' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर पलीकडच्या खोलीत गेली. दांडा खाली होता. आणि पंखा फिरत होता!

"हात नको लावू!" ते ओरडले. "आयेशा, खाली उतर! हात नको लावू! बंद न्हाई! बंद न्हाई ते!"

स्वयंपाकघरातून उषाबाई धावत आल्या. "अहो, काय झालं? सकाळी लाइन गेल्ती, पाणी भरायचं होतं, म्हणून मी कल्याणभाऊंकडून आकडा लावून घेतला. मेन तसाच राह्यला व्हय?"

बद्रीनाथ भिंतीला टेकून खाली बसले. पंखा फिरतच होता. सकाळपासून घराची वीज बाहेर खांबाकडं वाहत होती, बारा वर्षांपूर्वीसारखीच. फक्त आज खांबावर कुणी नव्हतं.

आयेशा शांतपणे खाली उतरली. तिच्या हातात टेस्टर होता.

"मी हात लावणार नव्हते, काका. गावात लाइन न्हाई आणि तुमचा पंखा फिरतो, हे मी उंबऱ्यातच पाह्यलं. टेस्टर लावल्याशिवाय मी तारेला हात लावत नसते. अब्बांनी माणसाच्या शब्दावर हात लावला होता."

"पोरी..." बद्रीनाथ म्हणाले. "तो शब्द माझा होता. आणि करंटही माझ्याच घरातून गेल्ता."

उषाबाईंनी पदर तोंडाला लावला. बारा वर्षं शेजारी झोपणाऱ्या बाईलाही हे ठाऊक नव्हतं.

"डीपी बंद होता हे दहा जणांनी पाह्यलं," आयेशा म्हणाली. "मंग करंट आला कुठून? हा एकच सवाल घेऊन मी आयटीआयला गेल्ते. शिकले तेव्हा कळलं, कुठल्यातरी घरातून उलटा आला. तवापासून ज्या घरात जाते तिथला बोर्ड आधी बघते. तेवीस घरांतली अठरा बघून झाली, काका. तुमचं एकोणिसावं."

"दे मला पोलिसात. मी येतो तुझ्यासंगं."

"ते दादी ठरवंल. पण एक सांगा, ते झाल्यावर तुम्ही आकडा पुन्हा लावलाच कसा?"

"सगळेच लावून राह्यलेत. माझाच दिसला नसता तर..."

"सगळेच!" ती कडाडली. "अब्बांना सगळ्यांनी मारलं का? ज्यानं-त्यानं हेच म्हणायचं, की माझ्या एकट्याच्या तारेनं काय होतं? होतं, काका! एकाच तारेनं होतं! आता तुम्ही गाडी आणणार. मोठी बॅटरी, रात्रभर चार्जिंग, आणि तेही आकड्यावर. पंख्यापेक्षा कितीतरी पट करंट ओढते गाडी. तार तापंल, घर पेटंल. आणि लाइन गेली अन् मेन वर राह्यला, तर खांबावरचा माणूस मरंल. आज मी वाचले, कारण मला विश्वास ठेवायचा न्हाई हे घरीच शिकायला मिळालं. दुसऱ्याला ते कोण शिकवणार?"

बद्रीनाथ उठले. परसात जाऊन त्यांनी बांबूनं आकडा तारेवरून उतरवला, अगदी सावकाश. घरातला पंखा थांबला. नेहमीची शांतता पसरली. या वेळी ती सोसून ते तसेच उभे राहिले आणि मग म्हणाले, "चल. चाचीकडं चल."

इजहारची आई सरदारबी दारात गहू निवडत बसली होती. बद्रीनाथ उभ्यानंच बोलले. काही लपवलं नाही, सहीसुद्धा नाही. म्हातारीचे हात सुपातच थांबले. ती रडली नाही, ओरडलीही नाही.

"लोगां बोले, तेरा बेटा लापरवा था," ती हळूच म्हणाली. "मैं भी मान ली. हर नमाज के बाद हात उठा के बोलती थी, या अल्ला, मेरे बच्चे की गलती माफ कर. बारा साल, बद्री! बारा साल जिस गलती की माफी मांगी, वो उसकी थीच नहीं!"

बद्रीनाथ तिच्या पायाशी कोसळले. तिनं त्यांना उठवलं नाही.

"माफी मेरे से मत मांग," ती म्हणाली. "कागद पे झूठ लिख्खे सो तू. कागद पेच सच लिखा. सब के सामने."

पंधरा दिवसांनी ग्रामसभा होती. सरदारबी पुढच्या सतरंजीवर येऊन बसली. बद्रीनाथ उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. पोलिसांत आणि वीज कार्यालयात लेखी जबाब देऊन ते आधीच मोकळे झाले होते. त्याचं जे व्हायचं ते होईल. सभेत आधी कुजबुज झाली, मग कुणी एकानं शिवीही दिली. ती त्यांनी ऐकून घेतली.

"मी गाडी घेणारच न्हाई असं न्हाई," ते शेवटी म्हणाले. "घेऊन राह्यलो. लहान बॅटरीची, कारण लेकीला तेवढीच लागते. आधी अर्थिंग, मीटरवर भार वाढवून वेगळी जाड तार, मंग गाडी. आयेशा बसवून देईल तिथंच ती चार्ज होईल. पण गाडी लांबची गोष्ट. आपापल्या घरी जा आणि आकडे काढा. खांबावर चढणाऱ्याला सांगायला आपल्याकडं खरं उत्तर असू द्या!"

कल्याण मधूनच उठून निघून गेला. आकडा काढायलाच गेला होता, हे नंतर कळलं. त्या आठवड्यात एकोणिसांपैकी चौदा आकडे उतरले. पाच अजून आहेत, आणि ते कुणाचे हे सगळ्या वस्तीला माहीत आहे.

ग्रामसेवकानं कार्यवाहीच्या वहीत ठराव लिहिला, 'मयत इजहार यांच्या मृत्यूस त्यांचा निष्काळजीपणा कारणीभूत नव्हता.' सरदारबीला मराठी वाचता येत नव्हतं. तिनं ते मोठ्यानं वाचायला लावलं. ऐकलं आणि म्हणाली, "फिर एक बार." त्यानं पुन्हा वाचलं.

वाचकहो, नवं वाहन दारात आणताना आपण रंग बघतो, बॅटरी बघतो, शेजारी काय म्हणतील तेही बघतो. त्याला पाजायची वीज मात्र जुन्याच चोरवाटेनं आणतो. फुकटाची वीज फुकट नसते, तिची किंमत दुसऱ्याच्या घरातून वसूल होते. आज आपल्या घरचा बोर्ड एकदा उघडून बघा. त्यातली तार कुठून येते हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. ती कुणाच्या हातापर्यंत जाते, तेवढं बघायचं राहिलेलं असतं!