वाटरांजणे

मी एक जुनं आडनाव आहे, मित्रांनो. तुमच्या वर्गात मी नाही आणि बहुधा शेजारच्या वर्गातही नसेन. शिंदे, पवार, जाधव यांना एकमेकांची सोबत असते. गुरुजींनी नुसतं ‘पवार’ म्हटलं की ‘कोणता?’ असं विचारावं लागतं. मला तसं कोणी कधी विचारलं नाही. माझं नाव वाटरांजणे. मला हात नाहीत, पाय नाहीत. कोणी मला उच्चारलं की तेवढ्या वेळापुरता मी असतो. मग पुन्हा शांतता.

खर्ड्याहून नगरकडे येणारी एक जुनी बैलवाट आहे. पूर्वी तिच्यावरून धान्याचे आणि मिठाचे तांडे जात. आमच्या गावच्या शिवेवर, लिंबाखाली, एका शेतकऱ्याने एक मोठा रांजण कंबरेइतका मातीत पुरला. वरच्या अंगाला त्याने ओलं फडकं गुंडाळलं. फडक्यातलं पाणी उडून जाताना रांजणातली उष्णता सोबत घेऊन जातं. हे कारण त्याला ठाऊक नव्हतं. पाणी गार राहतं, एवढं त्याला ठाऊक होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

चैत्रापासून पाऊस पडेपर्यंत त्या घराने रोज रांजण भरायचा, असा शिरस्ता पडला. आणखी एक नियम होता. पिणाऱ्याला ‘कुणापैकी?’ असं विचारायचं नाही. मित्रांनो, हा प्रश्न तुम्ही ऐकला असेल. दिसायला तो साधा आहे. पण त्याच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं: माणसाने कुठे बसायचं, कोणत्या भांड्यातून प्यायचं, मुळात प्यायचं की नाही. या रांजणापाशी तो प्रश्न नव्हता. काही सोवळे लोक तोंड फिरवून पुढे जात. त्यांच्यासाठी ओढा होता.

तांडेवाले पुढच्या मुक्कामी पोचले की म्हणत, “पाणी वाटरांजणवाल्यांकडं प्यालो.” असा माझा जन्म झाला. माझ्या माणसांनी मला निवडलं नाही. तहान भागलेल्या परक्यांनी मला ठेवलं.

एके काळी माझी बरीच घरं होती. पण मी लांबलचक पडलो. थोरल्या घराला पाटीलकी मिळाली आणि ते पाटील झाले. दुसरे पोटासाठी शहरात गेले. तिथे हजेरी घेताना मुकादमाला घाई असायची, म्हणून त्यांनी माझ्यातली वाट काढून टाकली आणि नुसते रांजणे म्हणवू लागले. रांजण घरातही असतो, मित्रांनो. मी वाटेवरचा होतो. मुली लग्न होऊन गेल्या, त्यांनी नवी आडनावं घेतली. शेवटी गहिनीनाथ वाटरांजणे हा एकटा उरला. तोही गेला, तेव्हा मी त्याच्या बायकोपाशी राहिलो. तिचं नाव मनकर्णा. तिला मूलबाळ नव्हतं. ती माझ्या घरात जन्मलेली नव्हती, तरी तिनेच मला सगळ्यात जास्त सांभाळलं. तिच्याशी बोलायला घरात कोणी नव्हतं, त्यामुळे दिवसच्या दिवस माझा उच्चार होत नसे.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. पुढच्या उन्हाळ्यात गावच्या विहिरीने तळ दाखवला. टँकर येई आणि विहिरीत पाणी ओतून जाई. माणशी एक घागर मिळे. वाटप काकासाहेब बघत. ते मनकर्णेच्या नवऱ्याचे चुलतभाऊ, पाटील झालेल्या घरातले. मनकर्णेच्या वाट्याला एकच घागर. तिच्यातली अर्धी ती रांजणात ओती. बैलवाटेचा तेव्हा रस्ता होत होता. दुष्काळी कामावर लांबलांबची माणसं खडी फोडायला येत. अर्धी घागर दिवस वर येईपर्यंत संपून जाई.

एका संध्याकाळी काकासाहेब तिच्या ओट्यापाशी थांबले.

“वैनी, रांजनाला आमी आनखी दोन घागरी देतो. पन तुमी तिथं बसायचं आन् इचारायचं, कुणापैकी म्हनून. आपल्यातलं असंल त्यानं प्यावं. सगळ्या मुलखाला पाजायला आपली हीर काय गोदावरी न्हाई.”

“आमच्यात इचारत न्हाईत, भावजी.”

“तुमच्यात म्हंजे? तुमच्यात हाय कोन आता? तुमी एकल्याच.”

कोरडा रांजण तिला बघवत नव्हता. तो लांबून दिसतो. माणूस रस्ता सोडून वळतो, रिकाम्या रांजणावरचा पालथा तांब्या बघतो आणि परत उन्हात जातो. त्यापेक्षा काहींना तरी मिळेल, असा हिशेब तिने केला आणि होय म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती लिंबाखाली जाऊन बसली. रांजण भरलेला होता. आधी गावचेच दोघे-तिघे आले, त्यांना विचारायची गरज पडली नाही. मग खडीवरून एक बाई आली. तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

“पानी हाय का, मावशी?”

“हाय की.” आणि मग मनकर्णेने ते विचारलं. “कुणापैकी गं तू?”

बाईच्या हातात तांब्या होता. तिने तो जागेवर ठेवला, आवाजही न होऊ देता.

“ऱ्हाऊ द्या. तहान तेवढी न्हाई,” ती म्हणाली. तिच्या ओठांना चिरा पडल्या होत्या.

ती रस्त्याला लागली. मनकर्णा बसल्या जागी तिच्या पाठीकडे बघत राहिली. त्या वेळी मला काय झालं, ते कसं सांगू? ज्या प्रश्नाला टाळून मी जन्मलो, तोच प्रश्न माझं नाव लावणाऱ्या शेवटच्या माणसाने विचारला होता. माझ्यात आता अर्थ उरला नव्हता. नुसता आवाज उरला होता.

मनकर्णा उठली. तिने तांब्या भरला, वरून तळहाताने झाकला आणि भर उन्हात निघाली. ती बाई खडीच्या ढिगावर बसली होती. दगडाबाई तिचं नाव. हातोडी मांडीवर तशीच होती.

“घे.”

“आधी मी कुणापैकी ते तर ऐका. मागनं म्हनाल, बाईनं सांगितलं न्हाई.”

“नगं सांगू. म्या इचारलं, ती चूक झाली माजी. आमच्यात इचारत न्हाईत.”

“तुमच्यात म्हंजे?”

“वाटरांजने आमी.”

दगडाबाईला हसू आलं. “असलं बी आडनाव असतंय व्हय?”

“हाय. माज्यापुरतं.”

दगडाबाईने सवयीने ओंजळ पुढे केली. मनकर्णेने तांब्याच तिच्या हातात दिला. शेजारच्या ढिगावरच्या हातोड्या थांबल्या. दगडाबाई सगळं पाणी प्याली. पिऊन झाल्यावर तांब्या कसा परत द्यावा हे तिला कळेना, तेव्हा मनकर्णेनेच तो काढून घेतला.

संध्याकाळी ती काकासाहेबांकडे गेली. तिथवर बातमी आधीच पोचलेली होती.

“भावजी, उद्यापासनं त्या दोन घागरी नगं.”

“मग सकाळीच कोरडा पडंल रांजन.”

“पडंल.”

“लोक कोरड्या रांजनाला हसत्यात, वैनी.”

“हसू द्या. खोट्या रांजनाला हसन्यापरीस बरं.”

काकासाहेबांनी मान हलवली आणि घागरी दुसऱ्या घराला लावून दिल्या. गाव तिच्याशी भांडलं नाही. फक्त विहिरीवर तिच्याशी बोलणं कमी झालं. रांजणात मग तिची अर्धी घागर तेवढी असे. पहाटे निघालेल्या चार माणसांना ती पुरे. उशिरा येणारा पालथा तांब्या बघून परत जाई. मनकर्णेला ते दिसे. रोज दिसे.

मित्रांनो, तिच्या माघारी मला लावणारं कोणी नाही. दगडाबाई काम संपल्यावर दुसऱ्या तालुक्यात गेली. एकदाच ऐकलेलं माझं लांबलचक नाव तिच्या लक्षात कुठून राहणार? तुम्ही मला लावून घ्या, असं मी म्हणत नाही. आडनावं जन्मतात तशी संपतात, त्याचं फार दुःख करू नये. पण तुमच्या दारात कोणी उन्हातून आलं, तर तुमच्या ओठांवर एक प्रश्न आपोआप येईल. तो जरा थांबवा. आधी पाणी विचारा.