शेवटच्या सुराआधी

दादा तोतरा नव्हता. सगळं वाक्य सरळ बोलायचा आणि नेमका शेवटच्या शब्दाआधी अडायचा. मला कुठला धीर! त्याचा शब्द मीच बोलून मोकळा व्हायचो. "हे दुकान एक दिवस तुझ्यामुळे..." तो एकदा म्हणाला. "नावारूपाला येईल!" मी म्हटलं. "...बुडेल," दादा म्हणाला.

आम्ही दोघं भाऊ हातानं घड्याळं बनवायचो, तासाला धून वाजवणारी. आत पितळी रूळ असतो, त्यावर बारीक खिळे. रूळ फिरला की खिळा हातोडी उचलतो आणि घंटा वाजते. स्वतःच्या लग्नाच्या वेळी दादानं एक घड्याळ एकट्यानं बनवलं, मला हात लावू दिला नाही. आठ सुरांची धून, पण सात वाजून ते थांबायचं. मग सावकाश आठवा. "दादा, शेवटचा खिळा चुकलाय," मी शंभरदा सांगितलं. तो नुसता हसायचा. आमच्या कारागिरीवरचा तो डाग छत्तीस वर्षं माझ्या डोळ्यांत खुपत होता.

दादाच्या आजारपणात घड्याळ बंद पडलं. तो गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तेवढं चालू करून द्या. घर फार गप्प झालंय."

मी चार दिवस खपलो. सगळं साफ केलं. शेवटचा खिळा काढला, जुन्या भोकात पितळ भरलं आणि असं घासलं की जागा ओळखू येऊ नये. नव्या, अचूक जागी खिळा बसवला. वहिनींच्या भिंतीवर घड्याळ टांगून काटा पाचावर नेला. आठही सूर कसे सरळ वाजले. मी शाबासकीची वाट बघत उभा.

"संपलं?" वहिनींनी विचारलं.

"आठही वाजले की."

"ते शेवटी थांबायचं ना?"

"तो दोष होता, वहिनी. काढून टाकला."

त्या खुर्चीवर बसल्या. "मला लग्नाचं विचारायला आले, तेव्हा शेवटच्या शब्दाला अडले. मी गप्प वाट बघितली. तोवर कुणी बघितलीच नव्हती म्हणे. म्हणून हे घड्याळ असं बनवलं त्यांनी."

मला तोंड लपवावंसं वाटलं. मी तिथंच घड्याळ उतरवलं, भिंग लावून जुनी जागा शोधली. पण काम माझंच, ओरखडाही सापडेना. अंदाजानं भोक पाडलं. "फार लांबलं," वहिनी म्हणाल्या. पुन्हा पाडलं. "आता कमी." तिसऱ्यांदा म्हणाल्या, "हो, हेच." हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, घड्याळाकडे नाही.

पुढच्या रविवारी गेलो तर घड्याळ बंद.

"किल्ली द्यायची राहूनच गेली," वहिनी म्हणाल्या. छत्तीस वर्षांत एकदाही राहिली नव्हती. मी मान खाली घालून बसलो. माझे डोळे भरून आले होते.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "तुमचा यात काही दोष..." आणि अडल्या.

'नाही' माझ्या ओठांवर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी वाट बघितली.

बराच वेळ गेला. मग वहिनी उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.